बुडाली तर तरंगते का?

गेल्या उन्हाळ्यातला एक शनिवार. आठवडाभर एका रिलीजच्या मागे धावून दमलो होतो आणि दुपारी जेवून मस्त ताणून द्यायचा विचार होता. तेवढ्यात फोन वाजला. हिंगोलीहून, माझ्या शाळूसोबत्याचा. आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसायचो. पुढे मी पुण्याला आलो आणि कीबोर्ड बडवायला लागलो, तो गावीच राहिला. वडिलांबरोबर येलदरीच्या पाण्यात जाळी टाकतो. आता त्यांच्या मच्छीमार सोसायटीचं कामही तोच बघतो.

"काय करायलास?"
"काही नाही, झोपायलो होतो. बोल."
"झोप नंतर. नवी बोट घ्यायची हाय. तू कंप्युटरवाला माणूस, जरा बघून सांग कोणती घ्यावी ते."

आता हिंगोली आणि बोट! ज्यांना हिंगोली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. औंढ्याचा नागनाथ, नामदेवांची नर्सी, हळद आणि सोयाबीन. निजामाच्या काळात इथे लष्करी छावणी होती, म्हणजे ऐतिहासिक संबंध आलाच तर घोड्यांशी. समुद्र म्हणाल तर कुठल्याही रस्त्याने गेलात तरी शेकडो किलोमीटर लांब. पुण्यातल्या मित्रांना मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "हिंगोलीत बोट? कयाधूत घोट्याएवढं पाणी नसतं उन्हाळ्यात!" त्याचं चूक नाही. पण त्याला येलदरी माहीत नव्हती.

असो. मी झोप सोडून लॅपटॉप उघडला आणि कुठलाही आयटीवाला करतो तेच केलं. प्रश्न नीट समजून न घेता सर्च मारला. "तलावात मासेमारीसाठी सगळ्यात चांगली बोट कोणती?" जगभरातून एकच उत्तर यायला लागलं. बास बोट.

*

बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. आपल्याकडे मरळ जशी गवतात दबा धरून बसते, साधारण तशाच वृत्तीचा. त्याला गळाने पकडायचा तिकडे मोठा छंद आहे आणि त्या छंदासाठी बनलेली खास बोट म्हणजे बास बोट. लांबट, बसकी, चकाकत्या रंगाची, पुढे उभं राहून गळ टाकायला सपाट ओटा आणि मागे दोन-अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन. पाण्यावरची स्पोर्ट्स कारच म्हणा ना.

मला तिचा इतिहास वाचताना जास्त मजा आली. १९४८ साली लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टमध्ये होम्स थर्मन नावाच्या माणसाने प्लायवुडची एक होडी बनवली. सपाट बूड, टोकदार नाक. दिसायला डासासारखी, म्हणून नाव ठेवलं स्कीटर. ही पहिली बास बोट मानतात. पण बोट नुसती बनून चालत नाही, तिच्याभोवती एक जग उभं राहावं लागतं. ते उभं केलं रे स्कॉट नावाच्या अलाबामातल्या विमा एजंटने. जून १९६७ मध्ये त्याने आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर बास पकडण्याची स्पर्धा भरवली, शंभराच्या वर लोक आले. पुढच्याच वर्षी, १९६८ ला, त्याने बास पकडणाऱ्यांची देशव्यापी संघटना काढली. स्पर्धा आल्या, बक्षिसं आली आणि मग दरवर्षी जास्त वेगाच्या बोटी आल्या.

इथे मला एक गोष्ट टोचली. हा बीव्हर तलाव नैसर्गिक नाही. व्हाइट नदीवर अमेरिकेच्या लष्करी इंजिनियरांनी बांधलेल्या धरणाचं ते पाणी. धरण पुरं झालं १९६६ ला. म्हणजे आधी धरण, मग तलाव, मग बोट.

आणि आमची येलदरी? पूर्णा नदीवरचं हे धरण पुरं झालं १९६८ साली. ज्या वर्षी रे स्कॉटने संघटना काढली त्याच वर्षी! धरणाची भिंत परभणीच्या जिंतूर तालुक्यात, पाणी मागे पसरलंय दोन्ही जिल्ह्यांच्या मध्ये, आणि खाली औंढा तालुक्यात त्याचं धाकटं भावंड सिद्धेश्वर धरण. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, सिद्धेश्वरचा सुमारे ८१. दहास एक असं प्रमाण. तिकडे यवतमाळच्या सीमेवर पैनगंगेवरचं इसापूर, त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर. ज्या जिल्ह्याला आपण कोरडा म्हणतो त्याच्या उशा-पायथ्याला एवढं पाणी आहे, आणि ते सगळं माणसाने अडवलेलं आहे.

तर मी उत्साहाने तीन-चार बास बोटींचे फोटो मित्राला व्हॉट्सॅपवर पाठवले. अर्ध्या तासाने फोन.

"ह्या बोटीत बसून मासे धरायचे का वरात काढायची?"

मी हसलो. तो हसला नाही.

"ऐक," तो म्हणाला, "तुला सांगितलं नव्हतं. धाकट्याचं गेल्या महिन्यात काय झालं ते."

*

धाकटा म्हणजे त्याचा भाऊ, वय वर्षं एकोणीस. मे महिन्यातली संध्याकाळ. जाळी टाकायला गेला होता थर्माकोलच्या तराफ्यावर. आमच्याकडे हे सर्रास चालतं. थर्माकोलचे जाड ठोकळे एकत्र बांधायचे, वरून ताडपत्री किंवा पोती गुंडाळायची, सुतळीने आवळायचं आणि एक वल्हं घेऊन निघायचं. लाकडी होडी परवडत नाही, आणि परवडली तरी तिची दुरुस्ती परवडत नाही. थर्माकोलला काही लागत नाही.

आकाश पश्चिमेला काळं झालं तेव्हा तो पाण्याच्या मध्यावर होता. वळवाचं वादळ कसं येतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. आधी सगळं गप्प होतं, झाडाचं पान हलत नाही. मग धुळीचा लोट येतो आणि पाठोपाठ वारा. जमिनीवर असाल तर पत्रे उडतात. पाण्यावर असाल तर काय होतं हे मला त्या दिवशी कळलं. दहा-पंधरा मिनिटांत लाटा उठल्या. वल्हं हातातून गेलं. मग तराफा मधोमध मोडला. अर्धा एकीकडे, अर्धा दुसरीकडे. धाकट्याने एका अर्ध्याला मिठी मारली आणि रात्रभर सोडली नाही. पहाटे पलीकडच्या काठाला लागला. अलीकडच्या काठावर अख्खं गाव बॅटऱ्या घेऊन उभं होतं.

"म्हणून बोट घ्यायचीय," मित्र म्हणाला. "आबा म्हणतेत, थर्माकोलवर आता कुणी जायचं नाही."

मी लॅपटॉप मिटला. खरं सांगतो, लाज वाटली. आपण वर्षानुवर्षं जुनियर पोरांना शिकवतो की आधी रिक्वायरमेंट विचार, मग सोल्युशन दे. आणि मी काय केलं होतं?

*

मग पुढचे तीन वीकएंड मी याच नादात घालवले. हा लेख म्हणजे त्या वाचनाचं गाठोडं.

पहिला प्रश्न. तलाव तो तलाव, तिथे समुद्रासारख्या लाटा येतीलच कशा? लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला, आणि त्याला पाण्यावरून किती लांब मोकळं धावायला मिळालं. ही तिसरी गोष्ट म्हणजे वाऱ्याचं अंगण. नदीच्या पात्रात ते अंगण शंभर-दोनशे मीटरचं. तीच नदी धरणाने अडवली की अंगण होतं काही किलोमीटरचं. आठ किलोमीटर मोकळं पाणी आणि ताशी पन्नास किलोमीटरचा वारा तास-दीड तास टिकला, तर गणिताने सुमारे अर्धा ते पाऊण मीटर उंचीच्या लाटा येतात.

पाऊण मीटर ऐकायला काही वाटत नाही ना? मलाही वाटलं नव्हतं. पण गोम लांबीत आहे. समुद्रावर दुरून आलेली सात सेकंदांची लाट घ्या, तिच्या दोन शेंड्यांमधलं अंतर पंच्याहत्तर मीटर भरतं. बोट तिच्यावर हलकेच चढते, हलकेच उतरते. तलावातली लाट तीनेक सेकंदांची, शेंड्यांमधलं अंतर बारा-चौदा मीटर. पाच-सहा मीटरची होडी एका लाटेवरून उतरते न उतरते तोच तिचं नाक पुढच्या लाटेत घुसतं. पाणी आत येतं. आत आलेलं पाणी एका जागी बसत नाही, होडी ज्या अंगाला कलेल त्या अंगाला धावतं आणि तिला आणखी कलवतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा म्हणजे कळेल.

हे नुसतं कागदावरचं नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात काय झालं ते आठवत असेल. करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात बुडाली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आले म्हणून बातमी लवकर कळली. तोच मे महिना, तसाच संध्याकाळचा वारा, तसंच अडवलेलं पाणी. आपल्या आज्या-पणज्यांनी भीमा ओलांडली, पूर्णा ओलांडली, पण त्यांच्या काळी ती नदी होती. पूर आला की थांबायचं, ओसरला की जायचं, एवढं शहाणपण पुरायचं. धरणाचं पाणी संथ दिसतं आणि दुपारी चारपर्यंत खरंच संथ असतं. त्याच्याशी कसं वागायचं हे आपल्याला शिकवायला मागे परंपरा नाही. येलदरीचं वय अजून साठीच्या आत आहे.

नदीसाठी मात्र परंपरा होती, आणि ती आपल्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. आपण म्हणतो ना, "नोकरी आणि घर यांची सांगड घालायची"? सांगड म्हणजे मुळात एकमेकांना बांधलेल्या दोन होड्या किंवा दोन भोपळे, पाण्यातून पार जायला. एक भोपळा गोल फिरतो, दोन बांधले की स्थिर राहतात. कोकणात होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांवर लाकूड बांधतात, ती उलांडी. तत्त्व तेच, आधार रुंद करायचा. धाकट्याचा थर्माकोलचा तराफा म्हणजे या सांगडीचाच पणतू. भोपळा गेला आणि फ्रीजच्या खोक्यातला पांढरा ठोकळा आला.

*

दुसरा प्रश्न. खवळलेल्या पाण्यासाठी बोटीचं बूड कसं असावं?

इथे पुन्हा अमेरिकेला जावं लागतं. एप्रिल १९६० मध्ये मायामी ते नासाऊ अशी मोटरबोटींची शर्यत झाली. समुद्र खवळलेला होता, लाटा आठ-आठ फुटांच्या. बहुतेक बोटींना वेग कमी करावा लागला, काही फुटल्या. मॉपी नावाची तीस फुटी बोट मात्र आठेक तासांत पोचली. दुसरी आलेली बोटही त्याच डिझायनरची होती. त्याचं नाव रे हंट. बाकीचे दुसऱ्या दिवशी पोचले.

हंटने केलं काय? तोवरच्या वेगवान बोटींचं बूड मागच्या बाजूला सपाट असायचं. सपाट बूड शांत पाण्यावर झकास पळतं, पण लाटेवर आपटतं. पोहताना पोटावर पडलात तर कसं लागतं, तसं. हंटने बुडाला इंग्रजी व्ही अक्षराचा आकार दिला आणि तो पार मागेपर्यंत तसाच नेला. लाट कापली जाऊ लागली, आपटणं कमी झालं. आजही मोकळ्या समुद्रात पळणाऱ्या बहुतेक छोट्या बोटींचं बूड याच घराण्यातलं असतं.

मग घ्या की व्ही बुडाची बोट, झालं! मी मित्राला तसं सांगितलंही. त्याने शांतपणे विचारलं, "उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की बोट चिखलातून ओढत कोण नेणार? तू येशील का पुण्याहून?"

बरोबर होतं. दुष्काळी वर्षात येलदरीचा काठ किलोमीटर-दीड किलोमीटर आत सरकतो. खोल व्ही बुडाची बोट जड असते, जास्त पाणी मागते, आणि उभी असताना सपाट बुडाच्या बोटीपेक्षा जास्त डुलते. आमच्या लोकांचं निम्मं काम उभ्या बोटीतलं. कडेला वाकून जाळं ओढायचं, आणि जाळ्यात कटला-रोहू भरलेले असले की सगळं वजन एका अंगाला.

म्हणजे लाटेसाठी एक बोट हवी, चिखलासाठी दुसरी, जाळ्यासाठी तिसरी. पैसे एकीचेच, तेही जेमतेम.

*

इथे अडलो होतो तेव्हा मदतीला आलं तीनशे वर्षांपूर्वीचं एक मराठी पुस्तक. 'आज्ञापत्र'. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला हा राजनीतीवरचा ग्रंथ, काळ साधारण १७१५. गडकोटांवरचं प्रकरण बऱ्याच जणांना माहीत असतं, आरमारावरचं कमी जण वाचतात. जहाजं बांधायला आंबा-फणसाची झाडं रयतेच्या मर्जीविरुद्ध तोडू नका, कारण ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा प्रसिद्ध भाग त्याच्याच आसपासचा.

त्यात बोट निवडण्याचा सल्ला आहे, आणि तो अगदी सरळ आहे. तरांडी फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत. आणि वाऱ्यावाचून जिचा उपयोग नाही अशी थोर गुराब बांधायचं कारण नाही. शिवाय पावसाळा तोंडावर आला की आरमार वेळेत सुरक्षित बंदरात आणून ठेवा, हेही बजावलंय.

हे कुणी पंत घरात बसून लिहीत नव्हते. मागे अनुभव होता. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारीला पाठवून किल्ल्याचं काम सुरू केलं. इंग्रजांनी जहाजं आणून बेट अडवलं. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा भारी. मराठ्यांची गलबतं छोटी, वल्ह्यांवरही चालणारी. वारा पडला की इंग्रजांचं जहाज जागच्या जागी, आणि ही गलबतं रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून रसद घेऊन बेटावर जायची आणि पहाटेच्या आत परत. १८ ऑक्टोबरला दौलतखानाने आरमार घेऊन हल्ला केला तेव्हा इंग्रजांची डव्ह नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. समोरासमोरच्या मारगिरीत मात्र रिव्हेंज या मोठ्या जहाजाने एकटीने तोंड दिलं आणि मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीकडे मागे यावं लागलं. हेही सांगायला हवं, नाहीतर आपण फक्त सोयीचा इतिहास सांगतो. पण शेवट काय झाला? खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. इंग्रजांचे त्या वेळचे अहवालच कबूल करतात की या छोट्या बोटी आमच्यापेक्षा चपळ आहेत.

मला यात 'लहान विरुद्ध मोठा' एवढंच दिसत नाही. मला दिसतं की त्या लोकांनी बोट कुठल्या पाण्यासाठी हवी हे आधी ठरवलं होतं. कोकणचा किनारा म्हणजे खाड्या, खडक, उथळ पाणी आणि दर पावसाळ्यात बंद होणारा समुद्र. त्यासाठी थोडं पाणी मागणारी, वारा नसतानाही हलणारी बोट. अटलांटिक ओलांडायचा असता तर हीच निवड मूर्खपणाची ठरली असती. पंतांचं मध्यम म्हणजे 'चलता है'वालं मध्यम नव्हे. चार परस्परविरोधी गरजांचा हिशेब मांडून काढलेलं उत्तर आहे ते.

*

मग आम्ही हिशेब मांडला. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर. मित्र, धाकटा, सोसायटीतले दोघे-तिघे आणि मागे खाटेवर आबा.

लांबी साधारण अठरा फूट, म्हणजे चार माणसांना ओढता येईल. साहित्य फायबर, कारण लाकडाला दरवर्षी डागडुजी लागते. बूड पुढे धारदार व्ही, मागे येता येता सपाटीकडे झुकणारं, म्हणजे लाट नाकाने कापावी आणि जाळं ओढताना मागची बाजू स्थिर राहावी. कड पाण्यापासून चांगली वर. इंजिन छोटं, आणि ते बंद पडलं तर दोन वल्ही हवीतच. पैशासाठी २०२० पासूनची केंद्राची मत्स्यसंपदा योजना बघायची ठरलं. तिच्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद होती.

मी खूष होतो. एक्सेल शीट शेअर केली होती, रंगबिरंगी. :) आबा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले,

"बाळा, ते समदं ठीक हाय. बुडाली तर तरंगती का, तेवढं सांग."

क्षणभर मला वाटलं, काय प्रश्न आहे हा! बुडाली तर तरंगेल कशी? आणि मग धाकट्याची रात्र आठवली. थर्माकोलचा तराफा मोडला, पण बुडाला नाही. अर्धा झाला तरी तरंगला, म्हणून पोरगा घरी आला. फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड असतं. फायबरची पोकळ होडी पाण्याने भरली की इंजिनासकट तळाला जाते. मी माझ्या रंगबिरंगी शीटमध्ये त्या पोराचा जीव वाचवणारी एकमेव गोष्टच काढून टाकली होती.

पुन्हा शोधाशोध. आणि काय सांगू, पुन्हा तोच रे हंट भेटला! १९५८ मध्ये डिक फिशर नावाच्या गृहस्थाने त्याच्याच मदतीने बोस्टन व्हेलर नावाची तेरा फुटी बोट काढली. फायबरचे दोन थर आणि मधल्या पोकळीत फेस भरून कडक झालेला. १९६१ मध्ये 'लाइफ' मासिकात तिचे फोटो आले. फिशरसाहेब कोट-टाय घालून बोटीत बसलेत, बोट करवतीने मधोमध कापली जातेय, आणि मग साहेब अर्ध्या बोटीचं इंजिन चालू करून निघून जातायत.

मी तो फोटो धाकट्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हे तर माझंच हाय. फक्त टाय नव्हता."

१९७० च्या दशकात अमेरिकेत कायदाच झाला की वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटी पाण्याने भरल्या तरी तरंगत राहिल्या पाहिजेत. आणि ज्या रे स्कॉटच्या स्पर्धांनी बास बोटींना वेगाचं वेड लावलं, त्यानेच स्पर्धकांना लाइफ जॅकेट सक्तीचं केलं आणि माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या दोरीचा प्रचार केला. वरातीची बोट म्हणून आम्ही हसलो होतो, पण तिच्या इतिहासातलं हे कलम आम्ही घेतलं. जॅकेटं बोटीच्याच बजेटमध्ये टाकली.

एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट, कुणी असा विचार करत असेल तर. पोकळीत साधं थर्माकोल कोंबून चालत नाही. पेट्रोल सांडलं की थर्माकोल विरघळतं. घरी वाटीत करून बघा, गॅसपासून लांब. पेट्रोलला दाद न देणारा पॉलियुरेथेनचा फेस हवा आणि तो बंद कप्प्यात हवा.

*

आबांची अट एकच. पैसे द्यायच्या आधी बोट बुडवून दाखवायची. पहिल्या विक्रेत्याने हे ऐकून फोनच ठेवला. दुसरा म्हणाला, फेस आहे, लेखी देतो. आबा म्हणाले, कागद तरंगत नसतो. तिसरा तयार झाला.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो होतो तेव्हा ही परीक्षा झाली. काठालगत कमरेभर पाण्यात बोट उभी केली. इंजिनाच्या जागी तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवली. मग आठ-दहा जणांनी बादल्यांनी बोट भरायला घेतली. गावातली निम्मी पोरं तमाशा बघायला. नवीकोरी बोट आपणच बुडवायची हे बघवत नव्हतं. कड खाली खाली आली, पाण्याच्या रेषेला टेकली, पाणी वरून वाहायला लागलं. आणि बोट थांबली. तिथेच, सपाट, ना पुढे कलली ना मागे.

आबा धोतर वर खोचून पाण्यात उतरले. बोटीत चढले आणि मधल्या फळीवर बसले, पोटरीपर्यंत पाण्यात. बोट चार बोटं खाली गेली आणि राहिली. त्यांनी धाकट्याला हाक मारून शेजारी बसवलं. आणखी दोन बोटं. पुन्हा राहिली. दोघं बराच वेळ तसेच बसून होते. कुणी काही बोलत नव्हतं.

"घ्या," आबा म्हणाले.

बोट आता रोज पाण्यात जाते. मे महिन्यात दुपारी चारनंतर ती काठाला बांधलेली असते, हा आबांचा नियम. पावसाळ्याआधी आरमार बंदरात आणा म्हणणाऱ्या पंतांना तो पटला असता. जुने थर्माकोलचे ठोकळे अजून घराच्या मागे पडलेत. त्यातला एक अर्धा मोडलेला आहे, तो टाकून देऊ नका असं धाकट्याने बजावलंय.

आता सोमवार येतोय. नव्या प्रोजेक्टची रिक्वायरमेंट मीटिंग आहे. सगळ्यांचं बोलून झालं की मी एकच प्रश्न विचारणार आहे, आणि तो कुणाचा आहे हे तुम्हाला माहीत आहेच.